दाद

उतई हे गाव भिलाईच्या दक्षिणेस, दुर्ग जिल्ह्यात आहे. भोवती भातशेती, मध्ये बाजाराचा रस्ता, एका बाजूस केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र, असे त्याचे साधारण स्वरूप. अभ्यागत प्राध्यापक म्हणून एका सत्रापुरता मी या भागात आलो, तेव्हा शहरातील अतिथिगृहाऐवजी येथे एक खोली भाड्याने घेतली. पंडवानी आणि मराठीतील मौखिक कथनपरंपरा यांचा तौलनिक अभ्यास करावयाचा होता, आणि पंडवानी ज्या भाषेत गायिली जाते ती भाषा रोज कानांवर पडावी अशी इच्छा होती. मराठी माणसाला हा मुलूख सर्वस्वी परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ पर्यंत विदर्भ व छत्तीसगड एकाच प्रशासनाखाली होते. माझे मूळ गाव वर्धा जिल्ह्यातले; त्यामुळे फार लांब आलो आहे असे मला प्रथमपासूनच वाटले नाही. पुढे घडलेल्या एका प्रसंगाने तर मी अगदी आमच्या घरच्या ओसरीवरच येऊन पोचलो.

पंडवानीत मुख्य गायकाबरोबर एक साथीदार असतो. त्याला रागी म्हणतात. हुंकार भरणे हे त्याचे काम. गायक कथा सांगतो आणि रागी 'हौ' म्हणतो; मध्येच पुढे काय झाले असे विचारतो, कधी आश्चर्य दाखवतो. प्रेक्षकांचे आणि अभ्यासकांचेही लक्ष बहुधा गायकाकडे असते. माझे लक्ष मात्र रागीवर होते. आपल्याकडे आजी गोष्ट सांगे तेव्हा मुलांनी 'हं' म्हणावे लागे. 'हं' थांबला की गोष्टही थांबे. कथन ही दोघांनी मिळून करावयाची क्रिया असून ऐकणारा हा कथेचा अर्धा कर्ता असतो, असे काहीसे माझ्या नियोजित निबंधाचे प्रमेय होते. ध्वनिमुद्रिते ऐकून मी रागीच्या हुंकारांची सारणी करीत असे: कोठे होकार, कोठे प्रश्न, कोठे नुसताच श्वास.

श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या घरातून आवाज येऊ लागले. घरे एकमेकांना लागून असल्यामुळे भिंत एकच. आधी पुरुषाचा आवाज, मग भांडे पडल्याचा, मग ज्याला दुसरे नाव देता येत नाही असा. बाईचा आवाज जवळजवळ नव्हताच. मी ध्वनिमुद्रण थांबवले. त्यात त्या वेळी द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा प्रसंग चालू होता. हे सांगू नये असे मला वाटत होते, कारण असे योगायोग रचल्यासारखे दिसतात. परंतु त्यानंतर मी जे केले ते त्यावाचून नीट कळणार नाही. मी काही क्षण ऐकले, आणि हेडफोन पुन्हा कानांना लावून ध्वनिमुद्रण पुढे चालू केले. आवाज थोडा वाढवला. त्या रात्रीच्या नोंदी माझ्या वहीत आहेत, आणि त्या बिनचूक आहेत.

बऱ्याच वेळाने आमच्या दाराची कडी वाजली. माझ्या घरमालकीणबाई बाहेर पडल्या होत्या. साठी उलटलेल्या, विधवा. सारी आळी त्यांना दाई म्हणे. शेजारच्या ओसरीवर, जिला येथे परछी म्हणतात, त्या जाऊन बसल्या आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणाल्या, 'का होगे?' काय झाले, एवढेच. उत्तर आले नाही. थोड्या वेळाने पुन्हा त्याच सुरात, 'का होगे?' त्यांनी आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत, उपदेशही केला नाही. आतून पुरुष काहीतरी ओरडला; त्यावर त्या 'हौ' म्हणाल्या आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. अर्ध्या तासाने दार उघडले. बाई बाहेर आली आणि दाईंच्या शेजारी बसली. त्या रात्री ती आमच्याकडे झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाई तांदूळ निवडीत होत्या आणि ती बोलत होती. तिचे शब्द मला कळत नव्हते, आणि कळावेत असे वाटतही नव्हते. दाईंचा 'हौ' मात्र स्पष्ट ऐकू येत होता. कधी होकाराचा, कधी प्रश्नाचा. ज्या गोष्टीची मी महिनाभर सारणी करीत होतो ती माझ्या खिडकीखाली चालली होती. आदल्या रात्री तीच करण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी कान झाकून घेतले होते.

या लाजेला एक जुने मूळ आहे. मी नऊ वर्षांचा असताना माझी आत्या एके दिवशी भल्या पहाटे धाकट्या मुलाला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. तिला डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले होते, हे मला पुष्कळ पुढे समजले. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. वर्गातदेखील छडी वापरली नाही. बहिणीवर त्यांचा फार जीव होता. तरी तिसऱ्या दिवशी ते तिला परत पोचवावयास निघाले. 'भांड्याला भांडे लागायचेच,' असे आजी म्हणाली. मलाही बरोबर घेतले. लहान मूल बरोबर असले की पाहणाऱ्यांना तो सणावाराचा प्रवास वाटतो. हे कोणी बोलून दाखवले नाही, पण त्या वयातही मला ते उमगले होते. एस.टी.त आत्या खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी बसलो. ती मला नेहमी गोष्टी सांगे. त्या दिवशीही तिने सुरुवात केली, 'ऐक हं, एक बाई होती.' मी एक-दोनदा 'हं' म्हटले. पुढच्या बाकावरून वडील वळून म्हणाले, 'त्याला झोपू दे गं.' मी डोळे मिटले. मला झोप आलेली नव्हती.

मराठीत एक म्हण आहे: नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची? तिच्या दुसऱ्या एका पाठात नवऱ्याच्या जागी राजा येतो. नवरा आणि राजा यांची अशी अदलाबदल होऊ शकते, यातच त्या काळच्या घराची रचना कळून येते. परंतु मला अधिक विचार करावासा वाटतो तो पावसाचा. पावसाला हेतू नसतो, त्याला जाब विचारता येत नाही. तो आला की आडोसा शोधावयाचा, इतकेच. म्हणीने नवऱ्याचा हात पावसाच्या पंक्तीला बसवला आणि एका माणसाच्या कृत्याला हवामान करून टाकले. 'भांड्याला भांडे लागायचेच' या वाक्प्रयोगाचेही तेच. दोन भांडी एकमेकांना लागतात तेव्हा कोण कोणाला लागले हे सांगता येत नाही. आत्याच्या कानाच्या बाबतीत ते सांगता येत होते. माझ्या आजीने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. भाषेने तिच्यापुढे जे तयार वाक्य ठेवले ते तिने उचलले.

या म्हणीतला 'दाद' हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ न्याय. मराठीत त्याला दोन वाटा फुटल्या: अन्याय झालेला दाद मागतो, आणि गायकाला श्रोते दाद देतात. कोशात हे दोन अर्थ वेगळे दिले जातात, पण त्यांचे मूळ मला एकच दिसते. दोन्हीकडे आवश्यकता असते ती ऐकून प्रतिसाद देणाऱ्याची. मारहाण सोसणाऱ्या बाईला न्यायालय पुढे कधीतरी लागते. त्याआधी तिला रागी लागतो. तो नसेल तर तिची कथा दुसऱ्या वाक्यापुढे जात नाही, आणि जी कथा सांगितलीच गेली नाही तिची फिर्याद होत नाही.

महाभारतातील द्यूतसभा आपण राजसभा म्हणून वाचतो. दाईंच्या परछीनंतर मला ती एक घर म्हणून दिसू लागली. तेथे सासरा आहे, आजेसासरे आहेत, दीर आहेत, नवरे आहेत. केस धरून ओढणारा नात्यातलाच आहे. द्रौपदी त्या सभेत दयेची याचना करून थांबत नाही. ती प्रश्न विचारते. स्वतःला हरून बसलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. ज्ञान पुष्कळ असूनही उत्तर टाळता येते याचे हे उदाहरण आम्हा प्राध्यापकमंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. विदुर सभेला उत्तर देण्यास बजावतो, आणि कौरवांपैकीच विकर्ण हा तरुण उठून ती जिंकली गेलेली नाही असे स्पष्ट सांगतो. त्याला दटावून खाली बसवण्यात येते. अठरा दिवसांच्या युद्धाचे बीज त्या दुःशासनाच्या हातात होते असे आपण म्हणतो. ते इतरांच्या खाली घातलेल्या मानांतही होते, असे मला वाटते.

हा प्रसंग पंडवानीत ज्यांनी जगभर पोचवला त्या तीजनबाई येथून जवळच्या, भिलाईलगतच्या गनियारी गावच्या. त्यांचा जन्म १९५६ चा. लहानपणीच लग्न झाले. बाईने पंडवानी गायची तर बसून, वेदमती शैलीत, असा रिवाज होता. त्या कापालिक शैलीत उभ्या राहून गाऊ लागल्या. बाई गाते म्हणून समाजाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांनी एकटीने झोपडी बांधून संसार मांडला. पुढे भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली आणि २०१९ साली पद्मविभूषण. त्यांच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी द्रौपदीचे केस. घरातून आणि जातीतून हाकलली गेलेली बाई द्रौपदीचा प्रश्न भर मंडपात विचारते आणि शेजारचा पुरुष 'हौ' म्हणतो, याला मी आता केवळ प्रयोगतंत्र म्हणू शकत नाही.

मराठीतही हे शोधले तर सापडते. जात्यावर पहाटे ओवी उठे तेव्हा खुंट्याला बहुधा दुसऱ्या बाईचा हात असे. एकीची ओवी दुसरी उचली. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाच्या गिरणीने बायकांचे अपार कष्ट वाचवले, यात शंका नाही. त्याबरोबर ती पहाटेची दुसरी बाईही गेली. लिहिणाऱ्या बाईची स्थिती त्याहून एकाकी. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. एरवी निंदाच वाट्याला आली, आणि ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्यापर्यंत आलेले नाही.

पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. त्या खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष ठरवले. त्याविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवले, आणि ते पाहावयास आलेल्या बायका आपापले सांगू लागल्या. त्या ओघातून 'बोलते व्हा' हे केंद्र उभे राहिले. पुढे २००८ मध्ये पुरुष संवाद केंद्रही निघाले, कारण ज्याचा हात उठतो त्यालाही कोणी विचारले पाहिजे. मुंबईत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या कचेरीतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालवला. तेथे गणवेश नसलेली व्यक्ती आधी ऐकून घेते. या सर्व ठिकाणी आरंभी जे घडते ते दाईंच्या प्रश्नाहून फारसे निराळे नाही.

छत्तीसगडचा अनुभवही विचारात घेण्यासारखा आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांची संघटना उभी राहिली. मजुरी वाढली तशी ती दारूच्या गुत्त्यात जाऊ लागली. तेव्हा संघटनेने दारूविरोधी मोहीम हाती घेतली आणि तीत कामगार स्त्रिया पुढे होत्या. पुढच्या काळात बालोद जिल्ह्यातील गुंडरदेहीच्या शमशाद बेगम यांनी गावोगाव महिला कमांडो उभ्या केल्या; काठी आणि शिट्टी घेऊन त्या रात्री गस्त घालतात. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र दारू हे हिंसेचे एकमेव कारण मानण्याचा मोह टाळावा. माझे आतोबा निर्व्यसनी होते. गावात त्यांना मान होता.

कायदाही हळूहळू ऐकू लागला आहे. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आले. २०२४ च्या जुलैपासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा म्हटले, आणि बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. त्याचे चौथे कलम मी उतईत पहिल्यांदा नीट वाचले. घरात हिंसा होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे मानण्यास ज्याला कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कलम भिंतीपलीकडच्या माणसासाठी लिहिलेले आहे. म्हणजे माझ्यासाठी.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली होती. एखाद्या तरी कारणाने पतीने पत्नीला मारणे योग्य ठरते असे ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना वाटत होते. यांपेक्षाही मला थांबवणारा आकडा निराळा आहे: शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. देशातील पहिले सखी केंद्र २०१५ मध्ये रायपुरातच सुरू झाले. १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तरीही तोंडातून निघणारे पहिले वाक्य ऐकावयास जवळचेच कोणी असावे लागते.

न सांगितलेली हिंसा घरात मुरते. आत्याच्या कडेवरचा तो मुलगा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला वडिलांच्या पावलांवरून त्या संध्याकाळचा अंदाज येई. फाटकाची कडी कशी वाजली यावरून तो ताट घेऊन बसायचे की परसात जायचे हे ठरवी. आज तो स्वतः बाप आहे, आणि मुलांवर त्याने कधी हात उगारलेला नाही. परंतु घरात कोणाचा आवाज जरा चढला की तो उठून बाहेर निघून जातो. त्याची बायको सांगते, 'यांच्याशी भांडतासुद्धा येत नाही.' बापाकडून मारणे शिकलेली मुले असतात, तशी बोलणेच विसरलेलीही असतात. दुसऱ्यांची गणना कोणी करीत नाही. अशा घरांतून बाहेर पडलेली माणसेच पुढे शेजारी होतात, शिक्षक होतात, अंमलदार होतात, आणि भिंतीपलीकडून आवाज आला की त्यांना गप्प बसण्याची सवय असते. मी मार न खाल्लेल्या घरात वाढलो, तरी मलाही ती लागली.

भाद्रपदात तीजा आली. आपली हरतालिका तीच. पण छत्तीसगडात ती माहेराचा सण आहे. भाऊ किंवा बाप न्यायला येतो, आणि आदल्या रात्री बायका कारल्याची भाजी आणि भात खाऊन उपास धरतात. आपल्याकडे अशा न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. सासुरवाशीण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते, येथवर आपण पुष्कळ वाचलेले असते; परतीच्या वाटेवरही बहुधा तोच असतो, हे मला माझ्या वडिलांमुळे ठाऊक आहे. शेजारच्या बाईचा भाऊ आला तेव्हा दाईंनी त्याला परछीवर बसवून पाणी दिले आणि सांगितले, हिला परत आणण्याआधी हिला विचार. तो खाली बघत राहिला. दाईंनी पुन्हा सांगितले. मग तो 'हौ' म्हणाला. सत्र संपवून मी निघालो तोवर ती परतली नव्हती. नवरा दोनदा जाऊन आला होता.

त्याच आठवड्यात मी आत्याला फोन केला. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. फोन उजव्या कानाला लावते. इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्यावर मी विचारले, 'आत्या, त्या दिवशी एस.टी.त तू मला गोष्ट सांगत होतीस. पुढे काय होतं?'

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'तू झोपला नव्हतास, मला माहीत होतं रे.'

मी काही सफाई दिली नाही. ती सांगू लागली. ते सव्वा तास चालले. तिने जे सांगितले ते तिचे आहे. येथे लिहिण्यासाठी ते मला मिळालेले नाही. माझ्या वाट्याचे काम तेवढ्या वेळात मी केले. ती थांबली की मी 'हं' म्हणत होतो.